समुद्रातून निसटलेलं वर्ष

पेडण्याला जाणं हा काही प्रवास नव्हे, असं माझी बायकोसुद्धा म्हणते. डिचोलीहून सकाळी निघालं तर जेवायला तिथं पोचता येतं. लोक काशीला जातात, युरोपला जातात आणि परत येऊन लिहितात. मी दोन-तीन तालुके ओलांडले आणि कागद घेऊन बसलोय. पण त्या दिवसांत ज्यांच्या दारात मी तहानलेला उभा राहिलो त्यांचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडायची नाही. शिवाय माझ्या हातून जे झालं तेही कुठंतरी धडपणे लिहून ठेवायला हवं.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. मी डिचोलीचा. आधी खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो, मग समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागलो. काम तेच, पाने आणि बोल्ट, फक्त लाल चिखलाच्या जागी खारं पाणी. आमच्या प्रमुख कामतबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं होतं, "समुद्र म्हणजे डबकं नव्हे. आपल्या किनाऱ्याला लागून पाण्याचा मोठा प्रवाह वाहतो. पावसाळ्यात दक्षिणेला, दिवाळीनंतर उत्तरेला. तो वर्षानुवर्षं तसाच आहे की बदलतोय, हे आपल्याला बघायचंय. रोग्याच्या उशाला तापाचा तक्ता असतो ना? मधले दिवस गाळले तर डॉक्टर काय कपाळ बघणार?"

म्हणून दरवर्षी आम्ही समुद्रात मीटर सोडतो. तळाला वजन, वर दोरखंड, दोरखंडाला मीटर आणि सगळ्यांत वर त्याला उभं धरणारा पिवळा फ्लोट. मीटरच्या पोटात टेप असते. दर तासाला पाणी कुठं चाललंय, किती जोरात, किती गरम, हे तो टिपत राहतो. वर्षाने बोट जाते, जुना मीटर काढते, नवीन सोडते. असं सहा वर्षं न चुकता चाललं होतं. सातव्या वर्षी त्या जुन्या जागेसकट तीन ठिकाणी मीटर सोडले आणि तिन्हींची जोडणी माझ्या हातची. वर्ष भरल्यावर बोट आधी जुन्या जागी गेली, बाकीच्या दोन जागांची फेरी नंतर व्हायची होती. बघतात तर खाली वजन आणि दोरखंडाचा तुकडा. मीटर नाही, फ्लोट नाही. ट्रॉलरच्या जाळ्याने ओढून नेला असणार, असं सगळे म्हणाले.

वर्तमानपत्रात छोटी सूचना दिली. आठवड्याने पेडणे तालुक्यातल्या पार्सेहून एक कार्ड आलं. सुरेख मराठी अक्षर. "आमच्या बाजारात असे ऐकिले की, किनाऱ्यावर एक पिवळे यंत्र वाहून आले आहे. लोक त्यास बॉम्ब म्हणतात. आपले असल्यास सत्वर यावे." खाली निवृत्त शिक्षकाची सही. बाईंनी ते कार्ड माझ्या हातात दिलं. "जा. कुणी ते उघडायच्या आत पोचा. आत हवा शिरली, ऊन शिरलं, टेपला हात लागला, की वर्ष गेलं. आणि हे एक वर्ष गेलं तर मागच्या सहांचीही साखळी तुटली."

तुये

म्हापशाहून शिवोली, शिवोलीहून फेरीबोट आणि पलीकडे चोपडें. फेरीबोटीत एका पोदेराची, म्हणजे पाववाल्याची सायकल माझ्या पायावर पडली. त्याने माफी म्हणून टोपलीतला गरम उंडो माझ्या हातावर ठेवला. पाय ठणकत होता, पण तो पाव असा की मी दुसऱ्या पायावरही सायकल घ्यायला तयार होतो.

चोपड्याच्या धक्क्यावर मी यंत्राची चौकशी केली तेव्हा एका ट्रकवाल्याने छातीवर हात मारून सांगितलं, "तुये! कारखान्यांच्या त्या शेड आहेत ना, तिथल्या राखणवाल्याकडे आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय." त्याने मला ट्रकात घातलं आणि तुयेच्या फाट्यावर उतरवलं. राखणवाला सावंतवाडीकडचा. मोठ्या उत्साहाने मला शेडमागे घेऊन गेला. तिथं एक पिवळा गोळा अर्धा कापून पालथा ठेवलेला आणि त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. कुठल्याशा जाळ्याचा जुना फ्लोट.

"ह्योच मां तुमचो बॉम्ब?"

"नाही हो. आमचा मोठा असतो. आणि कोंबड्यांना त्याचं पाणी चालायचं नाही."

त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या भरात त्याने मला डब्यातली निम्मी भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर खायला लावली. उन्हात दोन मैल आत चालून यायचं आणि कोंबड्यांचं भांडं बघायचं, म्हणजे माझ्यासारख्या तापट माणसाने खरं तर शिव्या घातल्या असत्या. पण किसमूर पोटात गेल्यावर शिव्या कुठल्या आठवायला!

पार्से

डिचोलीहून निघताना मी तार केली होती, त्यामुळे मास्तर ओट्यावर माझी वाटच बघत होते. धोतर, बनियन, नाकावर घसरलेला चष्मा. मला बघताच घरात वळून हाक मारली, "अगो, डिचोलेचो मनीस पावलो! नीरो हाड!" काजूचा हंगाम नुकता लागलेला. बोंडूंचा ताजा, न आंबलेला रस त्यांच्या सुनेने कळशीतून ओतून दिला. एका दमात मी दोन पेले संपवले.

"कार्ड मराठीत आणि बोलता कोंकणीत?" मी उगीच डिवचलं. त्या दिवसांत भाषेवरून घराघरांत भांडणं होत होती.

मास्तर हसले. "चाळीस वर्षां मराठी शिकयली. मागीर कार्ड खंयचे भाशेत बरोवचें? आनी बायलेकडे झगडूंक म्हाका मराठी येना. तू नीरो पी." म्हणजे बायकोशी भांडायला त्यांना मराठी येत नव्हती.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. ओळख ना पाळख, पण पाटावर माझं ताट त्यांच्या शेजारीच मांडलेलं. डिचोलीत आमच्याकडे पाहुण्याला आधी "कुणाचे तुम्ही?" असं विचारतात आणि मग पाट देतात. इथं जेवण झाल्यावर विचारलं. यंत्र नक्की कुठं आलंय ते मास्तरांना माहीत नव्हतं. बाजारात कोरगावची एक बाई बोलत होती, एवढंच. पण त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या नकाशाने सांगितलं नव्हतं. "आमगेले गाबीत म्हणटात, दिवाळे उपरांत उदक वयर चलता. तिकडें कांय सांडलें जाल्यार हांगा येता. केरेचे वेळेर सोद."

म्हणजे गाबीत कोळ्यांच्या मते दिवाळीनंतर पाणी उत्तरेला चढतं. तिकडे दक्षिणेला हरवलेलं इथं वर येतं, तेव्हा केरीच्या वाळूत शोध. कामतबाईंचा प्रवाह मास्तर मला आमटी वाढून घेताना सांगत होते. मी हात तसाच ताटात ठेवून ऐकत राहिलो.

कोरगाव ते केरी

कोरगावात बस बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, मी फिटर असल्याचं तोंडातून निघून गेलं आणि पुढचा पाऊण तास मी बसखाली. बाहेर आलो तो ग्रीसने काळा. बसमधल्या बायकांनी पाण्याची बाल्दी आणून दिली. हात धुता धुता मी यंत्राची चौकशी केली. त्यांतली एक म्हणाली, "तो बॉम्ब मरे? तो केरे आसा. राखण्यापाशीं. सत्यभामेन सोदून काडलो." बस मी दुरुस्त केली नसती तर ती बाई मला भेटलीच नसती. आजही बसखाली शिरताना मला त्या बाईची आठवण येते.

केरीला उतरून माडांतून वाट विचारत गेलो. सत्यभामाकाकी अंगणात कालवं फोडत बसलेल्या. साठीच्या असतील. पदर कमरेला, हातात छोटा कोयता. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आदीं उदक पी. तोंड पळय तुजें, सुकिल्लो बांगडो." पाणी पिऊन मी यंत्राचं नाव काढलं, तशा त्या उठल्या.

"पहाटे कालवां काडूंक गेल्लें. वेळेर पडिल्लें. लोक म्हणूंक लागले, फोडया, भितर तांबें आसतलें. हांवें म्हणलें, दर्यान धाडिल्लें फोडूंक जायना. राखण्याक विचारूंया."

राखण्या म्हणजे गावाची वेस सांभाळणारा देव. वडाखाली त्याची लहानशी घुमटी आणि त्या घुमटीत काळ्या पाषाणाच्या पायाशी पिवळ्या फ्लोटसकट आमचा मीटर, फुलं वाहिलेला! अंगावर शिंपले चिकटले होते, पण झाकण बंद. एकही बोल्ट हललेला नव्हता. मी खरंच त्या घुमटीसमोर बसलो.

इथं मला आमच्या गावाची लाज वाटली. आमच्या खाणीवर सापडलेली वस्तू दुपारपर्यंत सुटी होऊन निम्मी भंगारात गेली असती आणि ती सुटी करणाऱ्यांत मी पहिला असतो. आम्हाला कुठलंही झाकण बघवत नाही. केरीत त्यांनी देवाला कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी म्हणाली, उघडू नका, धनी येईल. झालं. बावीस दिवस कुणी हात लावला नाही. पत्ता लिहिलेली पट्टी शिंपल्यांखाली गेली होती, नाहीतर त्यांनी स्वतःच कळवलं असतं.

"न्हेवंचें आसा जाल्यार परत कौल जाय," काकी म्हणाल्या. न्यायचं तरी देवाला विचारूनच. गाऱ्हाणं घालायला घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी हवा आणि घाडी माडावर चढलेला. त्याला खालून हाका मारल्या. वरून उत्तर आलं, "दोन माड उरल्यात, रावूंक सांग!" मी थांबलो. वेळ जावा म्हणून मीटर जरा तिरका करून खालची बाजू बघितली.

मीटरला दोरखंडाशी जोडणारं कडं, म्हणजे शॅकल, त्याचा निम्मा भाग तिथंच लटकत होता. ट्रॉलरने ओढल्याची खूण नव्हती. लोखंड झिजून सुईएवढं झालं होतं आणि नेमकं त्या जागी, जिथं मी पिन घातली होती. पिन मात्र नवी कोरी, चकाचक. पुस्तकात लिहिलं होतं, शॅकल ज्या धातूचं त्याच धातूची पिन घाला. पण खाणीवर आम्ही पाण्याच्या पंपांना स्टेनलेसच्या पिना घालायचो, गंज धरत नाही म्हणून. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला काय कळतंय? बाईंच्या यंत्राला चांगलीच वस्तू घालू. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ठेवले की एक दुसऱ्याला खातो, हे खाणीच्या गोड्या पाण्याने मला कधी शिकवलं नव्हतं.

आणि बाकीचे दोन मीटर अजून समुद्रात होते. त्याच पिनांवर.

घाडी आला. हात धुतले, पाकळ्या लावल्या, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "जय देवा म्हाराजा! हो डिचोलेचो पाहुणो आपली वस्तू न्हेवंक आयला. तुजे पांयांकडे सुरक्षीत उरली ती. ताच्या हातांतल्यान ती बरे परीन घरा पावूं दी!" भोवतालचे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. पाकळी पडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घाडी मला म्हणाला, "मनांत कितें आसा तुज्या?" मी म्हटलं, काही नाही. शेवटी उजवी पाकळी पडली. काकींनी टाळ्या वाजवल्या आणि मला मिठीच मारायच्या बाकी राहिल्या.

शॅकलचा तुकडा मी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला.

परत केरीला

टेप चांगली निघाली. मशीनवर रीळ फिरायला लागलं तेव्हा कामतबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, ओठ दाबून. आकडे यायला लागले. पावसाळ्यात दक्षिणेला, मग मंद होत होत दिवाळीच्या सुमारास वळून उत्तरेला. सातवं वर्ष सहांना येऊन मिळालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, चहा आला, भजी आली. कोणीतरी पुन्हा ट्रॉलरवाल्यांना शिव्या घातल्या. मी भजी खात होतो. तोंड भरलेलं होतं आणि ते मी भरलेलंच ठेवलं.

टेपच्या शेवटी एक गंमत होती. मीटर सुटला तरी आतलं घड्याळ थांबलं नव्हतं. वाळूत, घुमटीत तो टिपतच राहिला. पाण्याचा वेग शून्य, पण तापमान रोज संध्याकाळी एकाच तासाला थोडं वर उडी मारायचं. बाईंना कळेना. मला कळलं. तिन्हीसांजेला राखण्यासमोर दिवा लावतात आणि दिवा मीटरला चिकटूनच ठेवलेला असणार. बाई मनापासून हसल्या. "हा भाग समुद्राचा नाही, कापून टाका," म्हणाल्या. मी तो कागद मागून घेतला.

आभार मानायचे म्हणून पुढच्या रविवारी नारळाच्या वड्या आणि तो कागद घेऊन मी केरीला गेलो. काकींना ओट्यावर बसवून बोटाने दाखवलं, "हा तुमचा दिवा. हा दुसऱ्या दिवशीचा. हा तिसऱ्या." त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! शेजारणींना हाका मारल्या. घाडीही आला. मी आपला विनोद करायला गेलो, "आणि इथं बघा, एक दिवस सपाट. काकी, त्या दिवशी रजा घेतली की काय?"

काकींनी कागदावर वाकून बघितलं. "खंयचो दिस?"

मी मोजून सांगितलं. मंगळवार.

"हय," त्या म्हणाल्या. "तेल आशिल्लें. वात आशिल्ली. वारें सुटिल्लें, म्हाका आळस आयलो. म्हणलें, एक दीस चुकलो जाल्यार कोण पळयता?"

मी घाईघाईने म्हटलं, "असू द्या हो काकी, एवढं काय त्यात." पण त्या उठल्याच होत्या. सगळ्यांच्या देखत घुमटीसमोर जाऊन त्यांनी दोन्ही कान पकडले. "चुकलें म्हाराजा. मंगळारा दिवो लायलो ना. हांवेंच लायलो ना." घाडीने मान हलवली, एका शेजारणीने "जाता तें", म्हणजे होतं असं, म्हटलं. बस्स. काकी परत येऊन वडी खायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "तूं कित्याक खायना? गोड जाल्यात."

मी वडी परत ताटलीत ठेवली. "कोण बघतो" म्हणून चुकवलेल्या एका दिव्यासाठी ही बाई चारचौघांत कान धरून मोकळी झाली होती. आणि मी "कोण बघतो" म्हणत दोन मीटर समुद्रात मरायला सोडले होते.

सोमवारी सकाळी कामतबाई खुर्चीत बसायच्या आत मी त्यांच्या मेजावर रुमाल सोडला. शॅकल, पिन, पुस्तक, खाण, सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"केरीला. मीटर मिळाला त्याच दिवशी."

"बारा दिवस झाले."

"होय बाई."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फोन उचलला. बोट दुसऱ्या कामाला निघायची होती. तासभर हातापाया पडून त्यांनी ती वळवून घेतली आणि मला म्हणाल्या, "चला."

पहिला मीटर वर आला तेव्हा त्याचं शॅकल अर्धं झिजलेलं होतं. दुसरा डेकवर टेकवला आणि मी शॅकलला नुसतं बोट लावलं तर ते माझ्या हातात मोडलं. आणखी आठवडा, फार तर दोन. समुद्राकडे बघायची माझी छाती झाली नाही. मनातल्या मनात मी केरीच्या काकींचे पाय धरले, पार्सेच्या मास्तरांचे धरले, कोरगावच्या त्या बाईचेही, जिचं नाव विचारायचं राहिलं.

बोटीच्या रजिस्टरात बिघाडाचं कारण लिहायचा रकाना असतो. बाईंनी पेन माझ्यापुढे केलं. मी लिहिलं, "पिन चुकीच्या धातूची. घालणारा मी. समजल्यावर बारा दिवस लपवलं." आणि खाली पूर्ण नाव घातलं. बाईंनी ते वाचलं, शेजारी सही केली, आणि नव्या शॅकलांची पेटी पायाने माझ्याकडे सरकवली.

"नवीन तिन्ही तुम्हीच बांधायचे," त्या म्हणाल्या. "यापुढे तुमच्याइतकं घट्ट दुसरं कुणी बांधणार नाही."